हातात द्यायचा पेला

आमच्या घरात नियम असा एकच होता, आणि तो आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा होता. दारात कुणीही येवो, त्याला आधी पाणी द्यायचं आणि पेला त्याच्या हातात द्यायचा. ओट्यावर ठेवून "घ्या" म्हणायचं नाही. ओट्याच्या कोपऱ्यात माठ असायचा, त्यावर दोन लख्ख घासलेले पितळी पेले. पोस्टमन, असोद्याहून दूध घालायला येणारे नाना, केळ्यांच्या गाडीवरचा हमाल, सगळ्यांना त्याच पेल्यांतून पाणी. वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर आबांनी जळगावात दोन खोल्यांचं घर बांधलं, तेव्हा आधी माठाची जागा ठरवली आणि मग चुलीची.

या नियमाचं कारण मला माहीत होतं. आम्ही बौद्ध. आबांचं लहानपण पारोळ्याकडच्या एका खेड्यात गेलं. तिथे विहिरीवर आमच्या लोकांनी दूर उभं राहायचं, ओंजळ करायची, आणि कुणाची मर्जी झाली तर वरून पाण्याची धार पडायची. हे त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं होतं. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. ऐकून मी खूप चिडले होते. मोठी झाल्यावर असं कुणी केलं तर त्याला सोडणार नाही, असंही म्हणाले होते.

मोठी झाले आणि हायस्कुलात विज्ञानाची शिक्षिका झाले. चौऱ्याण्णव साली गणपती गेले आणि दोन-तीन दिवसांतच सुरतेत प्लेग आल्याची बातमी आली. सुरत म्हणजे आमच्याकडे परगाव नव्हेच. घरटी एक माणूस तिथे लूमवर, नाहीतर साड्यांच्या कारखान्यात. शाळेला सुट्टी मिळाली, बाजार निम्मा ओस पडला, लोक तोंडाला रुमाल बांधून फिरू लागले. आणि मी घराचा ताबा घेतला.

खरं सांगायचं तर मला त्यात मजा येत होती. वर्गात चाळीस पोरं माझं ऐकायची नाहीत, इथे दोन म्हातारी माणसं मुकाट ऐकत होती. खडूने भिंतीवर वेळापत्रक लिहिलं. सकाळी पाणी उकळणं, मग फिनाइलने फरशी, मग रुमाल उकळणं, संध्याकाळी उंदरांचे पिंजरे. भाजी बाहेरून आणायची नाही, म्हणून रोज कळण्याची भाकरी आणि ठेचा, फार तर वाळवणातल्या वड्या. माय शेजारणीशी भिंतीवरून बोलायची, तर मी मध्ये जाऊन चार हातांचं अंतर दाखवायची. आबांना रोज स्टेशनपर्यंत फिरायची सवय. ते आता घराभोवती फेऱ्या घालायचे आणि प्रत्येक फेरीला खिडकीतून माझ्याकडे बघून जायचे. दूधवाल्या नानांना मी फाटकाबाहेर थांबवलं. ते म्हणाले, "आमची म्हैस काई सुरतले गेल्ती नाई, बाई." मी हसलेसुद्धा नाही.

ओट्यावरचा माठ मी पहिल्याच दिवशी आत आणला. पेले फळीवर ठेवले. आबांनी बघितलं. मला वाटलं त्यांना पटलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते काही खोटं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी भाऊ आला.

भाऊ म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. दहावीनंतर त्याने शाळा सोडली आणि सुरतेला लूमवर गेला, म्हणून माझं कॉलेज झालं. हे कुणी बोलून दाखवत नसे. तो तर कधीच नाही. सुरतेच्या पॅसेंजरने जळगावला उतरला, सुरतेचा माणूस म्हटल्यावर रिक्षावाल्यांनी बसवून घेतलं नाही, म्हणून भर उन्हात बॅग खांद्यावर घेऊन चालत आला. ओट्यावर बसला आणि खोकला. तो खोकला मी ओळखायला हवा होता. लूमच्या खात्यात कापसाचा धुरळा उडतो, तो छातीत बसतो, आणि भाऊ गेली आठ वर्षं तसाच खोकत होता. पण त्या दिवशी माझ्या कानांना फक्त प्लेग ऐकू आला.

मी आतून कडी घातली.

माय धावत आली. "अवं, तो तुना भाऊ शे. दार उघाड."

मी कडीवर हात ठेवून उभी राहिले. जाळीतून त्याला सांगितलं, "भाऊ, दहा दिवस मागच्या खोलीत राहा. तिथून हलू नकोस. कुणाला शिवू नकोस." घरातसुद्धा मी शाळेचीच भाषा बोलायची.

मायने माझा हात ओढला, तसा तो बाहेरून म्हणाला, "ऱ्हाऊ दे माय. ती बराबर करी ऱ्हायनी. ती शिकेल शे."

मी शिकलेली, म्हणून माझंच बरोबर, असं त्याला मनापासून वाटत होतं. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मागची खोली म्हणजे घराबाहेर परसात असलेली, पत्र्याची, सरपणाची. पितृपक्षातलं जळगावचं ऊन पत्र्यावर कसं तापतं ते मला शिकवायला नको होतं. उष्णतेचं वहन मीच वर्गात शिकवायचे. तरी मी त्याला तिथे घातलं. मायने भाकरी केली. ती मी पत्रावळीवर घालून उंबऱ्याबाहेर ठेवली आणि काठीने पुढे सरकवली. तो जेवायला बसला. दोन घास खाल्ले आणि ठसका लागला.

"पानी दे वं," तो म्हणाला.

पेला दिला असता तर तो पेला परत घरात आणावा लागला असता. एवढाच विचार माझ्या डोक्यात होता, शपथेवर सांगते. मी तांब्या घेऊन गेले. "ओंजळ कर," म्हटलं. त्याने केली. मी दोन हात लांब उभी राहून वरून धार धरली. पाणी त्याच्या कोपरांवरून ओघळत होतं आणि तो मान खाली घालून पीत होता.

मागच्या दारात आबा उभे होते. कधी आले ते मला कळलं नाही. सावकाश पायऱ्या उतरून ते भाऊजवळ आले आणि धोतर सावरून त्याच्याशेजारी मातीत बसले. दोन्ही हात जोडून ओंजळ केली. इतकी नीट, इतकी पाणी न सांडणारी ओंजळ मी आजवर पाहिलेली नाही.

"माले बी पाज, पोरी," ते म्हणाले. "माले सवय शे."

ते रागाने म्हणाले नाहीत. तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. मी पाणी घातलं नाही आणि पेलाही आणला नाही. मायने आतून फळीवरचे दोन्ही पेले आणले, भरले, आणि एकेकाच्या हातात दिले. मी तेव्हाही म्हणाले, "माय, त्याला हात लावू नकोस." हे वाक्य मला आजही झोपेतून उठवतं.

आबा त्या दिवसापासून भाऊसोबतच पत्र्याच्या खोलीत राहिले. दहा दिवस. मी माझं वेळापत्रक पाळत राहिले, कारण ते मोडलं असतं तर माझी चूक झाली असं ठरलं असतं. मागून दोघांच्या हसण्याचा आवाज यायचा आणि मी फिनाइलची बादली घेऊन पुढच्या खोलीत फिरायचे. कुणालाच काही झालं नाही. दसऱ्याआधी भाऊ सुरतेला परत गेला. निघताना माझ्यासाठी आणलेली साडी त्याने ओट्यावर ठेवली. हातात दिली नाही. म्हणाला, "उकळीसन नेस." आणि हसला.

माफी मागायची असते हे मला कळत होतं. आज लिहीन, उद्या लिहीन करता करता माझं लग्न झालं, आणि मी धुळ्याला आले. आबा गेले. त्यांच्याशीही बोलायचं राहिलं ते राहिलंच.

भाऊ धुळ्याला येतो तेव्हा घराच्या पुढच्या दाराने येत नाही. मागे जातो, नळाखाली पाय धुतो आणि ओंजळीनेच पाणी पितो. मी पेला घेऊन धावते तोवर त्याचं पिऊन झालेलं असतं. "ऱ्हाऊ दे, व्हयनं," म्हणतो.

मागच्या दिवाळीत भाऊबीजेला आला, तेव्हा नळाला पाणी नव्हतं. मी मुद्दाम भरलेला तांब्या आणि पेला घेऊन मागच्या दारात गेले. आज त्याच्या हातात पेला द्यायचा आणि बोलायचंच, असं ठरवून गेले. माझी तीन वर्षांची मुलगी मामाजवळ पायरीवर बसली होती. मला पाहताच भाऊने सवयीने ओंजळ पुढे केली. तिने ते पाहिलं, आपलीही चिमुकली ओंजळ माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "आई, मला पण पाज."

मी तिच्या हातांवर फाडकन चापट मारली. ती रडायला लागली. भाऊने तिला मांडीवर घेतलं, डोळे पुसले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मारू नको वं तिले. तिन्हं काय चुकनं?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. जिचं चुकलं होतं ती भरला पेला हातात धरून समोर उभी होती, आणि तिला तो आजवर काहीच म्हणालेला नाही.