करिश्माची बस

वॉर्डातल्या नर्सनं पेजेची वाटी बाजूला ठेवली आणि मला म्हणाली, "बस म्हणतायत. पुरे झालं त्यांना." अर्धांगाच्या झटक्यानंतर अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, सगळे शब्द गेले होते. शिव्यासुद्धा गेल्या होत्या, आणि त्या गेल्याचं लक्षात आलं तेव्हाच मी मनातून हादरले होते. उरला होता तो हा एकच शब्द. "बस…" ते पुन्हा म्हणाले. मी औषधांची चिठ्ठी घेऊन खाली निघाले होते, एक पाय दाराबाहेर. ते माझ्याकडेच बघत होते. मी परत फिरले, स्टूल ओढलं आणि त्यांच्या उशाशी बसले. त्यांची आवळलेली मूठ हळूहळू सैल झाली. नर्सला काय सांगणार… या शब्दाचा अर्थ आम्हा बापलेकींना तलासरीच्या पलीकडे झरीला राहणाऱ्या एका मुलीनं शिकवला होता, आणि तोही घर हलत असताना. त्यानंतर दोनच दिवसांनी अण्णा गेले. आता महिना होत आलाय.

अण्णा बसणारे नव्हतेच. डहाणूत आमची चिकूची वाडी आहे. सकाळी ते वाडीत उभे, दुपारी मार्केटला उभे, संध्याकाळी ओट्यावर कुणी आलं तर खांबाला टेकून उभे. जेवायला बसायचे तेही चप्पल घालायची घाई असल्यासारखे. आई आजारी होती तेव्हा दारातूनच विचारायचे, "काय, बरं आहे ना?" आणि तिनं मान हलवली की निघाले. त्यांचं आमच्यावर प्रेम नव्हतं असं नाही, पण ते आम्हाला येताजाता मिळायचं. राग मात्र भरपूर, आणि तो मी पुरता उचललाय असं घरचे म्हणतात.

करिश्मा त्यांना प्रथम भेटली ती या रागातच. झरीहून एक जोडपं आमच्याकडे चिकू काढायला यायचं. एकदा त्यांनी लेकीला बरोबर आणलं. पाच-सहा वर्षांची असेल. हात-पाय जन्मापासून ताठरलेले, मान धरवत नव्हती, बोलणं नव्हतं. झाडाखाली गोणपाट टाकून तिला निजवलं होतं. अण्णा काठी आपटत आले आणि बापावर ओरडले, "अरे, इथं काय पाळणाघर उघडलंय?" बाप गप्प, आई गप्प, आणि गोणपाटावरून खळखळून हसू आलं. अण्णा चपापले. पुन्हा ओरडले. ती आणखी हसली. जन्मात त्यांच्या ओरडण्याला कुणी हसलं नव्हतं. मग हे रोजचंच झालं. अण्णा मुद्दाम झाडाशी जाऊन चिकूंवर, कावळ्यांवर, सरकारवर ओरडायचे, आणि ती अंग वाकडंतिकडं करून हसायची. मी लांबून बघायची आणि मला कळायचं नाही की हा माणूस कोण आहे.

पुढे तिच्या आई-बापाला सीमेपलीकडे गुजरातेत कारखान्यात काम लागलं आणि करिश्मा झरीला आजीकडे राहिली. तोवर माझी आई गेली होती. अण्णांच्या हृदयात स्टेंट बसला होता आणि वाडी मी बघायला लागले होते. एके सकाळी ते एसटीनं झरीला गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा. गुडघ्यांमुळे त्यांना जमिनीवर बसवत नसे, म्हणून आमच्या ओट्यावरची निळी प्लास्टिकची खुर्ची त्यांनी एसटीच्या टपावर चढवून नेली. तालुक्याच्या अपंग शिबिरातल्या बाईंनी दाखवलेले व्यायाम तिच्याकडून करून घ्यायचे, तिचे हात चोळायचे, मऊ भात भरवायचे. आणि एक दिवस मोठ्या आनंदानं घरी आले, "पोरगी बोलली. 'बस' म्हणाली. मी उठलो की म्हणते. माझी परतीची बस चुकू नये म्हणून काळजी बघ तिला." हे त्यांनी सगळ्या डहाणूला सांगितलं असेल. तिनं 'बस' म्हटलं की ते छत्री उचलायचे, "निघालो गं बाई, निघालो," म्हणत फाट्याकडे धावायचे. असं वर्षभर चाललं.

मग भूकंपाचे धक्के सुरू झाले. डहाणू-तलासरीच्या लोकांना ते दिवस वेगळे सांगायला नकोत. आधी जमिनीच्या पोटात सुरुंग लागावा तसा आवाज, मग भांडी वाजायची. लोक थंडीत अंगणात झोपायला लागले, तंबू आले, शाळा झाडाखाली भरली. आमच्याकडे कमी जाणवायचं, पण झरीकडे फार. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरायची. घर हललं की माणसं पळतात. करिश्मा पळू शकत नाही, आणि अण्णा तिला उचलू शकत नाहीत. मी त्यांना सरळ सांगितलं, "तुम्ही जायचं नाही. छातीत स्टेंट घेऊन कौलांखाली बसायला कुणी सांगितलंय?" ते म्हणाले, "ती तिथं आहे ना?" मी म्हटलं, तिची माणसं आहेत. त्यांनी चपला घातल्या. ते गेले की मी वाडीत फोन हातात धरून फिरायची. फांदी हलली तरी बघायची, वारा आहे का ते. फोन लागायचा नाही.

एके दुपारी धीर संपला. मी गाडी काढली आणि त्यांना आणायला झरीला पोचले. तंबूचं कापड उन्हानं तापायचं म्हणून आजीनं करिश्माला दिवसा घरात, भिंतीकडेला गोधडीवर ठेवलं होतं. अण्णा खुर्चीत. मी अंगणातूनच आवाज चढवला, "उठा. आत्ताच्या आत्ता. आणि उद्यापासून इथं येणं बंद." आजी मला पाणी द्यायला बाहेर आली. अण्णा उठले. आतून करिश्माचा आवाज आला, "बस…" अण्णा हसून मला म्हणाले, "बघ, तिलाही घाई. गाडी आणलीय गं आज, बस नाही." आणि जमिनीच्या पोटातून तो आवाज आला.

पायाखालून काहीतरी सरकत गेलं. आजी आणि मी आपसूक मागे पळालो. कौलं खडखडायला लागली. दारातून मला आतलं सगळं दिसत होतं. अण्णांनी वाकून तिला उचलायचा प्रयत्न केला, पण भीतीनं तिचं अंग लाकडासारखं ताठ झालं होतं, ती हाताला येईना. पहिलं कौल खुर्चीवर आदळलं. मी किंचाळले, "अण्णा, बाहेर या…" दार त्यांच्या अगदी जवळ होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून झोपू देत नाही. ते येणार होते, मला खात्री आहे, आणि त्यांनी यावं अशीच माझी इच्छा होती. करिश्मा "बस, बस" म्हणत होती. तिच्या मुठीत त्यांचा सदरा अडकला होता आणि ती मूठ त्यांना खाली ओढत होती. अण्णांनी दाराकडे पाठ केली. दुखऱ्या गुडघ्यांवर बसले आणि तिच्यावर ओणवे झाले. मग छताची ती बाजू घसरली.

धुरळ्यात काही दिसेना. आणि आतून अण्णांचा आवाज आला… कौलांना, छताला, धरणीमातेला, सगळ्यांना त्यांनी एका दमात शिव्या घातल्या. त्यामागोमाग करिश्माचं हसू आलं. खळखळून. मी अंगणात मटकन बसले आणि रडले.

अण्णांच्या पाठीला जखमा झाल्या, खांदा निखळला. तिला खरचटलंही नव्हतं. आजी त्यांच्या पाठीवरची माती पुसत होती. अण्णा म्हणाले, "बघितलंत? अशा वेळीही हिला माझी बस दिसते." आजीनं हात थांबवला. "नाय रं शेट, एसटी कंची आली? तुला खाली बस सांगं ती. नेहमी तेच सांगं. तू उठला का सांगं, बस." अण्णांनी करिश्माकडे पाहिलं. तिनं डोळे वर नेले. तिचा होकार तसा असायचा. परतताना गाडीत अण्णा डहाणू जवळ आल्यावर म्हणाले, "वर्षभर ती मला थांब म्हणत होती, आणि मी पळत होतो." मग धड हाताच्या तळव्यात तोंड लपवून हा माणूस रडला. आईच्या वेळीही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर अण्णा बसायला शिकले. झरीला तिला झोप लागेपर्यंत बसायचे, एसटी गेली तर जायची. घरीसुद्धा संध्याकाळी चहा घेऊन माझ्याशेजारी ओट्यावर टेकायचे. पहिल्यांदा टेकले तेव्हा मला वाटलं, छातीत दुखतंय की काय. काही बोलायचे नाहीत, नुसते बसायचे. मला त्या पोरीचा रागही यायचा. जे आईला आणि मला मिळालं नाही ते तिनं एका शब्दात मिळवलं. राग थोडा अजून आहे. पण ओट्यावरच्या त्या संध्याकाळी मला तिच्यामुळे मिळाल्या, हेही मला माहीत आहे.

गेल्या आठवड्यात मी झरीला गेले. करिश्मा आता पंधराची झालीय. अण्णा दवाखान्यात गेल्यापासून ती रस्त्याकडे तोंड करून निजते, असं आजी म्हणाली. तिला कोण सांगणार, म्हणून मी गेले होते. मला पाहून तिनं माझ्या मागे बघितलं. मी म्हटलं, "अण्णा गेले गं." ती रस्त्याकडे बघत राहिली. अण्णा तर नेहमीच जायचे आणि नेहमी परत यायचे. शेवटी आजी तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "मेला तो, पोरी. तुझा शेट आता नाय येत." करिश्माचं अंग ताठ झालं, त्या दिवशीसारखं. डोळे कोरडे, मूठ आवळलेली. मी तिचे हात चोळू लागले, पण ते सैल होईनात. काय करावं कळेना. निघून जावं असं वाटलं, आणि मी उठलेसुद्धा.

भिंतीशी ती निळी खुर्ची होती, कौल पडून एक हात तुटलेली. अण्णांशिवाय तिच्यात कुणी बसत नसे. आता एक कोंबडी तिच्यावर आरामात बसली होती. माझं डोकं सणकलं. "ए, ऊठ. इथं काय पाळणाघर उघडलंय?" मी ओरडले, आणि माझाच आवाज ऐकून थबकले. कोंबडी फडफडत अंगणात गेली. मागून एक बारीकसं हसू आलं, रडण्यात अडकलेलं. मी वळले. करिश्मा माझ्याकडे बघत होती. गालांवरून पाणी वाहत होतं.

"बस," ती म्हणाली.

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली. बाहेर फाट्यावर परतीच्या एसटीचा हॉर्न वाजला. दोघींनीही ऐकला. मी बसले.