नेटिव्ह प्लेस

नव्वदच्या दशकात बेंगळूरला माणसाचं नाव कळायच्या आधी त्याचं नेटिव्ह प्लेस विचारायचे. वरच्या मजल्यावरच्या घरमालकांच्या लेखी ते म्हणजे जिथे कुलदैवत आहे ते गाव. आईच्या लेखी, जिथे दर मे महिन्यात बॅगा भरून जावं लागतं ते. बाबा सरकारी कारखान्यात इंजिनिअर. त्यांच्या लेखी, निवृत्त झाल्यावर जिथे कायमचं जायचं ते. "मिरजेच्या पुढे," ते रिक्षावाल्यालाही ऐटीत सांगत. माझा जन्मच जे. पी. नगरातला, त्यामुळे मला कोणी विचारत नसे.

या नेटिव्ह प्लेसपायी आमचं घर होत नव्हतं. आई म्हणे, "लहान का होईना, इथे जागा घेऊ." बाबा म्हणत, "आपल्याला इथे कुठे राहायचंय?" भिंतीत खिळा ठोकायचा तरी आईला वर जाऊन विचारावं लागे.

निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा आम्ही मे महिन्यात गावी गेलो. घरामागच्या मोकळ्या जागेत दोन खोल्या बांधायचं बाबा मोठ्या काकांशी बोलणार होते. काकूंनी चहा आणला. घरच्यांना स्टीलच्या पेल्यांतून, आम्हाला काचेच्या कपाटातून काढलेल्या कपबश्यांतून.

"वहिनी, मलाही पेल्यातच द्या की," बाबा म्हणाले.

"असं कसं भावोजी? चार दिवसांचे पाहुणे तुम्ही!"

काकू हे अगदी मायेनं म्हणाल्या. रागानं म्हणाल्या असत्या तर बाबा भांडले असते. त्यांनी बशीत चहा ओतून प्यायला. खोल्यांचा विषय त्या दिवशी निघाला नाही, नंतरही नाही. मला काकूंचा संताप आला, आणि त्यांची काहीच चूक नव्हती याचा जास्त आला.

परत आलो तेव्हा शेजारच्या अक्का किल्ली घेऊन फाटकातच उभ्या होत्या. "अंगणातला नळ उघडा टाकून गेलात, अण्णा! बुद्धी इल्वा? अक्कल आहे की नाही?" असं त्यांनी बाबांना चांगलंच झापलं आणि बाबांच्या नेहमीच्या पोचा आलेल्या पेल्यात कॉफी आणून दिली. सोबत बिस्किटं वगैरे काही नव्हतं.

बाबांनी कॉफी संपवली, पेला स्वतः विसळला आणि आईला म्हणाले, "ती जागा कुठे म्हणत होतीस?"

आईनं हातातली बॅगही खाली न ठेवता पत्ता सांगितला. तिला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. बाबांचं गाव गेलं म्हणून रडायला त्या घरात मी एकटीच होते.