करडाचं अभ्यंगस्नान

मुक्ताईच्या हातात शेळीचं दावं आलं ते वयाच्या आठव्या वर्षी, आणि पंचेचाळिशी उलटली तरी ते सुटलेलं नाही. फक्त दाव्याच्या दुसऱ्या टोकाची शेळी कधीच तिची नव्हती. माहेरी चुलत्याच्या शेळ्या राखल्या. लग्न होऊन विश्रांतवाडीच्या पलीकडच्या गावठाणात आली, तर तिथे सासूच्या. भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा शेळ्या थोरल्या जावेने नेल्या आणि हिच्या वाट्याला मोकळी दावण आली. नवरा बजरंग एका बिल्डिंगवर वॉचमन. तो म्हणाला, "सुटलीस की आता लेंड्या झाडण्यातनं." मुक्ताई आठ दिवस त्याच्याशी धड बोलली नाही.

मग तिने लोहगावच्या हिंदुरावांची एक शेळी अर्धलीने घेतली. बोली सरळ होती. शेळी मालकाची, राखण मुक्ताईची. पहिल्या वेताची करडं मालकाने न्यायची, दुसऱ्या वेताची तिने ठेवायची. शेळीचं नाव कवडी, काळ्या अंगावर पांढरे ठिपके म्हणून. पहिल्या वेताला कवडीने दोन करडं दिली आणि दोन्ही टेम्पोत बसून लोहगावला गेली. पुढचं वेत मुक्ताईचं होतं.

पण दसऱ्याला, कवडी पुन्हा गाभण असताना, हिंदुराव दारात आले. पोरं शेतात गोडाऊन बांधत होती, सगळ्या शेळ्या काढायच्या होत्या. "कवडीला मी भाऊबीजेला न्हेतो," ते म्हणाले. "करडू तिच्या अंगावर नीट पीत असंल, तर ते पाल्याला लागंपर्यंत ऱ्हाऊ दे तिला हितंच. पर नुसतं धरून-बांधून पाजायचं असंल, तर मी काय थांबणार न्हाई."

म्हणजे आता जे होईल तेच पहिलं आणि तेच शेवटचं. मादी करडू व्हावं आणि ते जगावं, एवढंच मुक्ताईला हवं होतं. बोकड झाला तर तो आज ना उद्या दुसऱ्याच्या दारी जायचा.

गोठा कसला, पत्र्याचा आडोसा. तो एका सोसायटीच्या भिंतीला लागून होता आणि भिंतीच्या फाटकातून आत गेलं की पहिलंच तळमजल्याचं घर कुसुमताईंचं. कुसुमताई निवृत्त शिक्षिका, जन्म शनिवार पेठेतला, आणि इकडे राहायला येताना तिथला खाक्या त्या तिथे ठेवून आलेल्या नव्हत्या. फाटकावर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी लावली होती: 'शेळ्यांनी कुंडीतील झाडे खाऊ नयेत. ज्या शेळ्यांना वाचता येत नाही, त्यांना मालकिणीने वाचून दाखवावे.' मुक्ताईने ती पाटी कवडीला खरोखर वाचून दाखवली होती, कुसुमताई खिडकीत उभ्या असताना, मोठ्याने. तेव्हापासून दोघींत बोलणं बेताचंच होतं.

नरकचतुर्दशीच्या पहाटे कवडी व्याली. एकच करडू, आणि मादी! कवडीने नुकती पिलाच्या तोंडावरून जीभ फिरवायला घेतली होती, तेवढ्यात सोसायटीतल्या कुणा उत्साही माणसाने पहिल्या आंघोळीचा मान मिळवला आणि त्या आनंदात भिंतीपलीकडे सुतळी बॉम्बची रांग पेटवून दिली. कवडीने असा हिसडा दिला की दावं तुटलं, आणि ती मोकळ्या प्लॉटातून टेकडीकडे उधळली. मुक्ताई तिच्या मागे. अनवाणी, अंधारात, तोंडाने त्या बॉम्बवाल्याचा सात पिढ्यांसकट उद्धार करत.

अर्ध्या तासाने शेळीला धरून ती परतली, तर करडू जागेवर नव्हतं. फाटकात कुसुमताई उभ्या होत्या, हातात पांढऱ्या टॉवेलची गुंडाळी. गुंडाळीतून दोन कान बाहेर आले होते आणि त्यांना चंदनाचा वास येत होता.

मुक्ताईने गुंडाळी ओढून घेतली. "बाई, तुमी हिला आंगूळ घातली?"

"मग काय तशीच ठेवू? चिकट अंगाने थंडीत कुडकुडत होती बिचारी. पाणी तापलेलंच होतं. उटणं लावलं, साबण लावला, कोरडी केली. सूर्योदयाआधी इतकं साग्रसंगीत अभ्यंगस्नान या सोसायटीत दुसऱ्या कुणाचं झालं असेल असं मला वाटत नाही."

मुक्ताईने करडू कवडीपुढे ठेवलं. कवडीने हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि मान खाली घालून अशी ढुशी मारली की करडू भिंतीपाशी जाऊन पडलं. शेळी आपलं पिलू वासावरून ओळखते. हे पिलू कुणाचं तरी होतं, कवडीचं नव्हतं.

"वाटोळं केलंत, बाई," मुक्ताई म्हणाली. ओरडली नाही. कुसुमताई टॉवेल तसाच हातात घेऊन आत गेल्या.

पुढचे दिवस मुक्ताईची दिवाळी गोठ्यातच गेली. कवडीचा चीक काढून तिने करडाच्या पाठीला चोळला. अंगावर मीठ टाकलं, शेळी ते चाटेल म्हणून. कवडीने मीठ चाटलं आणि करडाला लाथ मारली. दर दोन तासांनी बजरंगने शिंगं धरायची, मुक्ताईने मागचा पाय, तेव्हा कुठे चार घोट पोटात जायचे. सासूच्या वेळची बाटलीवर वाढवलेली दोन करडं हगवणीने गेलेली तिने पाहिली होती. भाऊबीज जवळ येत चालली आणि तिला भाकर गोड लागेना.

पाडव्याच्या दुपारी तिला आईचं एक बोलणं आठवलं. शेळी पिलाला घेईना, तर जवळ कुत्रं आणावं. पिलावर संकट आलं की आईला आपलं-परकं सुचत नाही. पण कुत्रं आणायचं कुठून? रस्त्यावरच्या कुत्र्यांनी करडू खरंच फाडलं असतं. साखळीतलं, खाऊन-पिऊन सुस्त असं कुत्रं तिला एकच माहीत होतं. कुसुमताईंचा पेढा.

जावं की न जावं करत ती फाटकाशी गेली. पाटी तिथे नव्हती. कुसुमताईंनी दार उघडलं आणि तिने काही बोलायच्या आत विचारलं, "आहे ना ती?"

"हाय. पर तुमचं कुत्रं पायजे, बाई. घटकाभर."

सगळं ऐकून घेऊन कुसुमताई म्हणाल्या, "पेढ्याने आजवर पोळीखेरीज कुणावर हल्ला केलेला नाही. पण चला, आम्ही दोघंही येतो. घाण मी केली आहे, निस्तरायलाही मीच हवी."

पेढा डुलत डुलत आला. करडू मधोमध उभं होतं, चार काटक्यांवर. कवडी कोपऱ्यात, सुटी. पेढ्याने करडाला हुंगलं, त्याला ते आवडलं असावं, कारण त्याने शेपूट हलवली आणि तो आनंदाने एकदाच भुंकला.

करडू घाबरून बारीक आवाजात ओरडलं.

कवडीचे कान ताठ झाले. पुढचं मुक्ताईला नीट दिसलंसुद्धा नाही. पेढा केकाटत कुसुमताईंच्या साडीत शिरला होता आणि कवडी करडाच्या पुढ्यात पाय रोवून, शिंगं खाली करून उभी होती. बराच वेळ ती हलली नाही. मग मान वळवून तिने करडाला हुंगलं. कवडीने जीभ काढली आणि करडाला चाटायला घेतलं, पाठ, कान, शेपूट, बॉम्बमुळे अर्धवट राहिलेलं सगळं. करडाने तिच्या पोटाखाली डोकं खुपसलं. कुणी पाय धरलेला नव्हता, शिंगं धरलेली नव्हती. इवलीशी शेपटी भराभरा हलू लागली.

मुक्ताई तिथेच लेंड्यांत फतकल मारून बसली आणि रडली. तीन दिवसांचं ओझं एकदम उतरलं होतं. कुसुमताई पेढ्याला थोपटत उभ्या होत्या, त्यांचेही डोळे भरले होते. "पुढच्या दिवाळीला हिला उटणं लावणार नाही," त्या म्हणाल्या. "शब्द देते."

भाऊबीजेला सकाळीच हिंदुरावांचा फोन आला. टेम्पो निघालाय, शेळी तयार ठेव.

"टेंपो परत फिरवा, दादा," मुक्ताई म्हणाली. "करडू अंगावर पितंय."

"कुनाचं करडू?" हिंदुरावांच्या मागे टेम्पोचा आवाज होता, त्यांना नीट ऐकू येत नव्हतं.

चुलत्याची, सासूची, जावेची, हिंदुरावांची, असंच सांगायची मुक्ताईच्या जिभेला सवय होती.

"माजं," ती म्हणाली, आणि नीट ऐकू जावं म्हणून पुन्हा एकदा मोठ्याने म्हणाली.