कापसाच्या खोलीतला मदरबोर्ड

नागपूरच्या एका वितरकाने तो मदरबोर्ड मला आठ दिवस तपासायला पाठवला, तेव्हा आर्णीच्या बस स्टँडवर पार्सल छातीशी धरून मी एकटीच हसत उभी होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, पैठणी घेतली का. मी म्हटलं, त्याहून भारी. त्यांनी माझ्या मंगळसूत्र नसलेल्या गळ्याकडे पाहिलं आणि मनाशी काहीतरी ठरवून टाकलं. ठरवू देत. मला त्या दिवशी कोणाचा राग येणं शक्य नव्हतं.

मी आर्णीतल्या कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत काम करते. पण माझं खरं वेड म्हणजे सुटे भाग आणून हाताने कॉम्प्युटर जोडणं. मदरबोर्ड म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळं बसतं ती पाटी. आमच्यासारख्या वेड्यांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, सगळे बाप्ये आणि एक मी. आजवर मी साध्या बोर्डांवरच लिहिलं होतं. एकदा एका महाशयांनी सुचवलंही होतं की ताईंनी घरगुती वापराचंच पाहावं, भारीतला माल त्यांच्या आवाक्याचा नाही. त्यामुळे ही माझी परीक्षा होती. या बोर्डावरचं माझं मत टिकलं तर मी त्यांच्यातली एक, नाही तर आयुष्यभर घरगुती ताई.

आमचं गाव आर्णीपासून जवळच. मे महिना होता आणि बाबांनी कापूस विकला नव्हता. भाव वाढेल म्हणून थांबले होते. निम्मं गाव तसंच थांबलेलं असतं, आणि तोवर कापूस घरात राहतो. त्या वर्षी तो माझ्या खोलीत होता, थेट खिडकीच्या वरपर्यंत. पलंगाला आणि टेबलाला तेवढी जागा राहिली होती. कापसात झोपलं की अंगाला खाज सुटते. पण बोर्डाची पेटी उघडली आणि मी खाजवायचंही विसरले.

काय सांगू त्याचा थाट! काळाभोर, जड, आणि प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर अॅल्युमिनियमचं जाड कवच, त्याच्या आत खाऊच्या डबीएवढा पंखा. आईने आतली चंदेरी पिशवी मागितली, पापडाला चांगली होईल म्हणाली. ती परत पाठवायची आहे हे ऐकून तिचा बोर्डातला रस संपला. बाबांनी मात्र हात धुऊन, पुसून, बोर्ड दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि वजन आहे म्हणाले. बाबा कुठलाही माल असाच बघतात.

टेबलावर बोर्डाच्याच पेटीवर बोर्ड मांडून मी माझा प्रोसेसर आणि मेमरी बसवली, आणि चाचणी लावली. तासभर प्रोसेसरला मरेस्तोवर राबवायचं आणि वीज देणारा भाग किती तापतो ते पाहायचं. खोलीत बेचाळीस अंश होते. कूलर लावायची बाबांची सक्त मनाई, कारण कूलरच्या हवेने कापूस ओल धरतो. हरकत नाही, खोलीची गरमी वजा करूनच हिशेब मांडायचा असतो, आणि तो मी चोख मांडला. तरीही आकडा वाईट आला. दुसऱ्या दिवशी आणखी वाईट. तिसऱ्या दिवशी तर बोर्डाने घाबरून प्रोसेसरचा वेगच कमी केला.

खरं सांगते, मला वाईट वाटायला हवं होतं. मी खोलीत एकटी नाचले. एवढ्या महागड्या मालात खोट काढायला मिळणं म्हणजे काय सुख असतं ते ज्याने काढली त्यालाच कळेल. मी झोकात अहवाल लिहिला: दिसायला राजबिंडा, अंगात ताप, विदर्भातल्या माणसाने याच्या नादी लागू नये. ग्रुपवर वाहवा झाली. दोघांनी बोर्ड घ्यायचा बेत रद्द केल्याचं कळवलं. त्या घरगुती ताईवाल्या महाशयांनीही शाबासकीचा अंगठा टाकला, आणि मी त्या रात्री दुप्पट जेवले.

सातव्या दिवशी परत पाठवण्याआधी पुसून घ्यावा म्हणून मी कवचाचे स्क्रू काढले. बाबा दारात बसून बघत होते. कवच उचललं. आतला पंखा दिसतच नव्हता. त्याच्या पात्यांभोवती कापूस गच्च गुंडाळला होता, आईने देवासाठी वात वळावी तसा. पहिल्या दिवसापासून पंखा खोलीतले तंतू ओढत होता, म्हणून आकडा रोज वाढत होता. मी वजाबाकीत खोलीची गरमी धरली, खोलीतला कापूस धरला नाही. जन्मापासून कापसात वाढलेली मी, मला तो दिसलाच नाही.

बाबांनी तो बोळा सोडवून चिमटीत धरला, दोन्ही अंगठ्यांनी ताणला, उजेडात धरला आणि खुशीत म्हणाले, "आपलाच हाय."

मला हसू येईना. मी म्हटलं, बोर्ड उद्या जाईल, पंखा साफ करून देऊ, कोणाला काय कळणार आहे. आता चुकले म्हणाले तर ग्रुपवरचे सगळे म्हणतील, बघा, सांगितलं होतं.

मग बाबांनी मला ती जुनी गोष्ट सांगितली, जी मी शंभरदा ऐकली होती. मी लहान असताना एका वर्षी त्यांची कापसाची गाडी रात्रभर बाजाराच्या फाटकाबाहेर उभी राहिली. पहाटेच्या दवाने वरचा थर दमट झाला. मालाची प्रत ठरवणाऱ्या माणसाने वरच्या वर हात घातला आणि माल ओला म्हणून बाजूला काढला. खाली हात घालून बघा, एवढंच बाबा म्हणत राहिले. त्याने घातला नाही. शंभर वेळा ऐकताना मी मनात त्या माणसाला शिव्या घातल्या होत्या.

"तू बी वरच हात घातला, पोरी," बाबा म्हणाले. "आता खाली घालून पाह्य."

म्हणजे पुन्हा चाचणी, तीही त्याच दिवशी, आणि कापूस नसलेल्या जागी. मे महिन्यात आमच्या गावात कापूस नसलेली जागा शोधायची! शेवटी मारुतीचा सभामंडप सुचला. गुळगुळीत फरशी, उंच छत, भजनाच्या माइकसाठी प्लग. आम्ही वरात काढली. पुढे बाबा बोर्ड घेऊन, मागे मी कॉम्प्युटरचा पडदा घेऊन, आणि सगळ्यात मागे आई, केरसुणी घेऊन. पायरीवर आईने माझी ओढणी झटकली, बाबांचा सदरा झटकला, आणि आत पत्ते खेळत बसलेल्या म्हाताऱ्यांनाही उठवून झटकलं. त्यांनी डाव मोडला आणि पडद्याभोवती बसले. आकडा कशाचा हे कोणाला माहीत नव्हतं, पण वर जाऊ नये एवढं सगळ्यांना कळलं होतं. अर्धा तास झाला, आकडा हलेना. तास झाला, तिथेच. एक आजोबा म्हणाले, लय गुणाचं हाय बाप्पा. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पाया पडले, आणि ते भांबावून मला अखंड सौभाग्यवती हो म्हणाले.

घरी येऊन मी नवा अहवाल लिहायला घेतला. आधीचं माझं मत चूक होतं, हे पहिलं वाक्य लिहायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला. मग कापसाने भरलेल्या पंख्याचा फोटो लावला, सभामंडपातले आकडे दिले, बोर्ड उत्तम आहे असं लिहिलं, आणि बेत रद्द केलेल्या दोघांची माफी मागितली. लाज वाटली, आणि लिहून झाल्यावर अंगावरचं ओझं उतरलं.

पाठवण्याआधी बाबा म्हणाले, वाचून दाखव. मी वाचलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर म्हणाले, "माह्या कापसासाठी असं कोनी लिहलं नाही. परत पाहाले बी आलं नाही कोनी."

मी पुन्हा टेबलाशी बसले आणि शेवटी एक ओळ वाढवली: पंख्यात सापडलेला कापूस पूर्ण कोरडा, लांब धाग्याचा आणि उत्तम प्रतीचा होता.

ती ओळ त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. तिसऱ्यांदा आईलाही बोलावलं.