माझ्या पट्टीचा तंबोरा

आमच्या घरात गाणारी माणसं दोन आणि तंबोरा एक. अण्णा, म्हणजे माझे वडील, साताऱ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवत आणि उरलेला सगळा वेळ गात. त्यांचा आवाज पुरुषाच्या मानानं उंच, पांढरी चारचा. माझा त्याहून बराच वर, काळी पाचचा. पेटीवर या दोन पट्ट्यांवर बोटं ठेवून बघा, म्हणजे आमच्या घरातलं भांडण कळेल. अण्णांचा रियाज झाला की खुंट्या पिळून तंबोरा माझ्यासाठी चढवायचा. तो कसाबसा अर्धा सूर वर, काळी तीनपर्यंत यायचा, मग तार कुरकुरायला लागायची आणि अण्णा म्हणायचे, "इथंच म्हण. काय बिघडतंय?"

बिघडत होतं. तिथं गाताना माझा आवाज घशातच बसून राहायचा. मला शिकवायला येणारे गुरुजी तोंडाचे फटकळ होते. त्यांनी एक दिवस अण्णांना सरळ सांगितलं, "पोरीला तिच्या पट्टीत गाऊ द्या. असंच दाबून गात राहिली तर वरचे सूर जातील, आणि गेले की परत येत नाहीत." मी तेव्हा सतरा वर्षांची. गाण्याशिवाय मला काही येत नव्हतं आणि यावं असंही वाटत नव्हतं. त्यानंतर सहा महिने मी घरात उच्छाद मांडला. रुसले, जेवणावर राग काढला, अण्णांशी अबोला धरला.

त्यात दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू. तंबोऱ्याची पोलादी तार परदेशातून यायची, ती येईनाशी झाली. एका सकाळी खुंटी पिळताना तार तुटली आणि माझ्या मनगटावर वळ उठवून गेली. अण्णांनी आधी तार बघितली, मग मनगट. याचा राग मला आजही येतो. पण त्याच दिवशी त्यांनी ठरवलं की दुसरा तंबोरा घ्यायचा, फक्त माझ्यासाठी, माझ्या पट्टीचा. आपल्याला परवडेल असा.

त्यासाठी मिरजेला गेलो. तिथल्या तंतुवाद्यांच्या गल्लीत एका म्हाताऱ्या कारागिराचं दुकान होतं. त्याच्याकडे विकाऊ तंबोरे दोनच. एक लहानसा, बायकी, नाजूक नक्षीचा. अण्णांनी त्याची किंमत विचारली आणि लगेच प्यायला पाणी मागितलं. दुसरा कुठल्याशा भजनी मंडळानं सांगून ठेवलेला आणि न नेलेला. त्याचा भोपळा एका अंगाला जास्त फुगलेला होता. तो आम्हाला झेपण्यासारखा होता.

"ह्याचं एक बरं हाय, मास्तर," कारागीर म्हणाला. "बारीक तार चढवली तर उंच बोलंल, जाड चढवली तर खाली. पन एकदाच. तार लय थोडी उरलीया, आन् जवारीबी त्याच सुरावर घासायची. मागनं बदल न्हाई." तारेखालची घोडी घासून तार बोलती करतात, ती जवारी. मग तो माझ्याकडे वळला. "हं पोरी, तुजा सा दे."

दुकान रस्त्यावर उघडं. बाकावर नाटक कंपनीतले दोघं विडी ओढत बसलेले. समोर एक सायकलवाला खास थांबला. आमच्यासारख्या घरातल्या मुली घरात गायच्या, फार तर हळदीकुंकवाला. भर बाजारात तोंड उघडून सूर लावायचा, ही गोष्टच मला ठाऊक नव्हती.

"लाजू नगं. आमी काय गानं ऐकाय बसलोय व्हय? माप घ्याय बसलोय," कारागीर म्हणाला.

अण्णा म्हणाले, "लाव गं. अगदी मोकळा लाव." त्यांच्याकडून काही कमी पडलं असं मी म्हणणार नाही. मी तोंड उघडलं. ज्या सुरासाठी सहा महिने घर डोक्यावर घेतलं होतं तो काही येईना. लहानपणापासून रोज पहाटे कानावर पडलेला सूर तेवढा बाहेर आला, तोही कुजबुजल्यासारखा.

कारागिरानं कान दिला, कपाळाला आठी घातली. "पोरीच्या मानानं खाली वाटतंय, मास्तर. पुन्ना दे बगू."

मी पुन्हा दिला. पुन्हा तोच. नाटकवाल्यांपैकी एक हसला आणि माझे कान तापले.

"अहो, ही तर माझीच पट्टी!" अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिले. मुलगी आपल्याच सुरात गाते, याहून मोठं काय हवं होतं त्यांना? "मोकळा लावल्यावर आवाज इथंच आला की. बरोबर आहे ना गं?"

एक शब्द बोलायचा होता. मी मान हलवली. कारागिरानं जाड तारेचं वेटोळं खाली काढलं.

परतीच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. अण्णांनी मिळालेल्या जागेवर तंबोरा बसवला आणि स्वतः त्याला धरून उभे राहिले. रजेवर घरी निघालेला माण तालुक्याकडचा एक शिपाई म्हणाला, "आवं मास्तर, भोपळ्याला सीट आन् मानसानं हुबं ऱ्हायाचं व्हय?" अण्णा हसून म्हणाले, "लेकीचा आहे." कोरेगाव येईपर्यंत मी चारदा बोलायचं ठरवलं. चारही वेळा त्यांचे सुजलेले पाय दिसले आणि मी खिडकीबाहेर बघितलं.

घरी गुरुजींनी तंबोरा छेडला, माझ्याकडे बघितलं, मग अण्णांच्या खुललेल्या चेहऱ्याकडे बघितलं. एरवीचे फटकळ गुरुजी, पण त्यांनी नुसत्या खुंट्या तपासल्या. अण्णा आत गेल्यावर हळूच म्हणाले, "काय केलंस हे?" मी तंबोरा उचलून कोपऱ्यात ठेवला. ते पांढरी चारमध्येच शिकवू लागले आणि काही महिन्यांनी तब्येतीचं कारण सांगून यायचे थांबले.

अण्णांचं मात्र सोनं झालं. एकाच सुरातले दोन तंबोरे, शिवाय जवारी अशी की खोली भरून जायची. त्यांना गाण्याची बोलावणी येऊ लागली आणि मी त्यांच्या मागं बसून दुसरा तंबोरा छेडू लागले. ते शाळेत गेले की मी पेटीवर काळी पाच धरून बघायची. आधी वरचा सा नुसता थरथरायचा. पुढं पुढं तिथं हवाच यायची. मी पेटी झाकून ठेवली आणि कुणाला सांगितलं नाही. सांगून करणार काय होते कुणी?

सांगलीला एका हळदीच्या व्यापाऱ्यानं नवी माडी बांधली, तिथं दुपारचं गाणं होतं. रंगात आल्यावर अण्णा मागं वळले आणि म्हणाले, "घे." मी घेतलं. माझा आवाज त्यांच्या आवाजात असा मिसळला की समोरच्या लोकांना कोण थांबलं आणि कोण गातंय ते कळेना. वाहवा उठली. यजमान पुढं येऊन म्हणाले, "बापलेकीचा गळा एकच. देवाची देणगी आहे ही."

गाणं संपल्यावर अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. "बघ," ते म्हणाले, "तुझ्या पट्टीचा तंबोरा मिळाला, म्हणून गळा मोकळा झाला तुझा. मी उगाच उशीर केला. रागावू नकोस हं."

"नाही, अण्णा," मी म्हणाले.