मिरचीचा पहिला तोडा आणि मॅकवरचं टूलपॅक

पुण्याच्या भावानं नवा मॅक घेतला आणि जुना मला देऊन टाकला. तोवर मी मोताळ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि पीएचडीचं काम विभागातल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर, तो ज्या दिवशी ज्याच्या वाट्याला येईल त्या दिवशी करत होते. त्यामुळे मॅक घरी आला तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. सासूबाईंनी तो उलटा करून पाहिला, मागचं सफरचंद बघून म्हणाल्या की उष्टं फळ कशाला काढलं यांनी, आणि गव्हाच्या कोठीवर ठेवायला जागा करून दिली.

माझं काम मिरचीवर होतं. रोहिणखेडच्या अलीकडं आमचं शेत आहे. विहिरीजवळच्या पट्टीत मी वाफे पाडले होते. काही वाफे उघडे, काहींवर पालापाचोळ्याचं आच्छादन, काहींवर प्लास्टिकचा कागद. कुठल्या वाफ्यावर मिरची जास्त येते एवढंच बघायचं होतं. ऐकायला सोपं आहे, पण हा प्रश्न पीएचडीच्या भाषेत मांडायला मला दोन वर्षं लागली होती.

ती पट्टी सासूबाईंची. घरात शेताची सगळी सूत्रं त्यांच्याकडं, आणि विहिरीजवळ त्या दरसाल घरच्यापुरता भाजीपाला लावतात. ती जागा मागायला गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडं न बघता, मेथी निवडत सांगितलं, "एकच साल देतो. मंग मले माही पट्टी पाह्यजे." मी हो म्हटलं. मला तरी कुठं दुसरं साल हवं होतं! विद्यापीठानं मुदत एकदा वाढवून दिली होती, पुन्हा देणार नव्हतं. म्हणजे हा एक हंगाम फुकट गेला तर पीएचडी गेली, आणि पट्टी आणखी एका सालासाठी मागायला सासूबाईंपुढं उभं राहायचं ते वेगळंच. खरं सांगायचं तर मला दुसऱ्या गोष्टीची जास्त धास्ती होती.

मिरची तोडून वाफ्यावाफ्याची वेगळी मोजायचं काम सासूबाई आणि माझी जाऊ बघायच्या, कारण तोड्याच्या दिवशी मला कॉलेज असायचं. सासूबाई काट्यावर टोपलं चढवायच्या, आकडा सांगायच्या, आणि जाऊ तो मोबाइलवरच्या शीटमध्ये भरायची. जाऊ हुशार आहे, बोटं माझ्यापेक्षा भराभर चालतात. फक्त तिला एक सवय आहे. वाण्याची यादी असो की लग्नाच्या आहेराची, वर देवाचं नाव लिहिल्याशिवाय तिचा हात पुढं सरकत नाही. माझ्या शीटच्या माथ्यावरही तिनं "श्री" घातलं होतं आणि त्याखाली "महाराज". शेगाव आम्हाला जवळ, महाराजांचं नाव घरात उठता-बसता असतंच. मी ते काढलं नाही. बिचारी फुकट राबतेय, वर तिचा देव कशाला पुसा.

हंगाम संपला. बेरजा, सरासरी सगळं शीटनं मुकाट्यानं करून दिलं. अकोल्याला माझे मार्गदर्शक सर आहेत, त्यांना सरासऱ्या पाठवल्या तर ते खूश झाले. म्हणाले, आता यातला फरक खरा आहे की योगायोग आहे ते संख्याशास्त्रानं तपासा, आणि पंधरवड्यानं विद्यापीठाच्या समितीपुढं मांडा. त्यासाठी वेगळं महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, स्प्रेडशीटलाच जोडायचं टूलपॅक असतं, ते चालू केलं की झालं. सरांच्या तोंडी "की झालं" आलं की ते काम सहजी होत नाही, असा माझा अनुभव आहे.

सरांनी दिलेल्या पुस्तकात टूलपॅक कसं चालू करायचं ते चित्रांसकट होतं. पण चित्रं सगळी दुसऱ्या कॉम्प्युटरची. त्यात लिहिलेलं "फाइल उघडा, खाली ऑप्शन्स दिसेल." मी फाइल उघडली. ऑप्शन्स नव्हतंच. वर शोधलं, खाली शोधलं, बाजूची सगळी बटणं दाबून पाहिली. पुस्तकात कंट्रोल दाबा म्हटलेलं, तर माझ्याकडं कंट्रोल असूनही काम कमांडचं. माझा स्वभाव मुळात तापट. मी मॅकला अशा शिव्या दिल्या की नवरा जेवता जेवता ताट घेऊन ओसरीवर गेला. शेवटी कळलं की मॅकवर ती वाट निराळी आहे. पडद्याच्या अगदी वरच्या पट्टीत "टूल्स", त्यात "अ‍ॅड-इन्स", तिथं टूलपॅकसमोर खूण करायची. खूण केली आणि डेटाच्या रांगेत उजवीकडं एक नवं बटण गुपचूप येऊन बसलं. मी नवऱ्याला आत बोलावून ते बटण दाखवलं. त्यानं छान आहे म्हटलं आणि पुन्हा ताट घेऊन गेला.

एकेका प्रकारच्या वाफ्यांची एकेक उभी रांग मी आधीच लावून ठेवली होती. नवं बटण दाबलं, यादीतून हवी ती चाचणी निवडली, सगळे आकडे निवडले, ओके केलं. टूलपॅकनं नाही म्हटलं. निवडलेल्या भागात आकडा नसलेलं काहीतरी आहे, असं त्याचं म्हणणं. मी वरून खाली नजर फिरवली. आकडेच आकडे. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. त्या दिवसापासून रोज कॉलेजातून आले की हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा आणि मॅककडून नकार ऐकायचा, असा माझा क्रमच झाला.

आता एकदा मॅकनं वाटेत अडवल्यावर दोष त्याचाच असणार हे मी ठरवूनच टाकलं होतं. मोबाइलवर भरलेले आकडे याला कळत नसतील. दशांशाचा ठिपका याला वेगळा लागत असेल. जुना आहे, भावानं म्हणूनच माझ्या गळ्यात घातला असेल. मी सगळे ठिपके तपासले, कितीतरी आकडे खोडून पुन्हा घातले. भावाला फोन करून दोन शब्द सुनावले. तो म्हणाला, ताई, ते मशीन काय म्हणतंय ते वाच की. मी फोन ठेवून दिला.

घरात माझा आवाज चढलेला सगळ्यांना ऐकू येत होता. सासूबाई काही विचारायच्या नाहीत, पण कोठीवर मॅक उघडला की त्या देवघरात जाऊन बसायला लागल्या. मला वाटलं, पट्टीची आठवण करून द्यायची ही त्यांची रीत असेल. त्यामुळे मी आणखीच चिडायचे.

समिती चार-पाच दिवसांवर आली तेव्हा मी हार मानून फाइलची नक्कल मोताळ्याच्या एका कॉम्प्युटर सेंटरवर नेली. तिथला कॉम्प्युटर पुस्तकातल्या चित्रासारखाच होता. फाइल, ऑप्शन्स, सगळं जिथल्या तिथं. टूलपॅक चालू झालं, आकडे निवडले, आणि त्या यंत्रानंही अगदी तेच सांगितलं. आकडा नसलेलं काहीतरी आहे. मी खुर्चीत मागं टेकले. म्हणजे मॅक बिचारा इतके दिवस खरं बोलत होता, आणि खोट माझ्या मिरचीत होती.

तिथंच बसून एक साधी गोष्ट केली, जी मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. एकेक उभी रांग लहान आकड्यापासून मोठ्यापर्यंत लावली. आकडे आपापल्या जागी गेले आणि जे आकडे नव्हते ते तळाला येऊन साचले. उघड्या वाफ्यांच्या रांगेत एक, पाल्याच्या रांगेत दोन. तिन्ही जागी एकच शब्द होता. महाराज.

माथ्यावरचं महाराज नाव पाहून पाहून माझ्या डोळ्यांना त्याची इतकी सवय झाली होती की मधे कुठं ते आलं तरी नजर हात जोडून पुढं जायची. बेरीज आणि सरासरीनं तर ते शब्द सोडूनच हिशेब केला होता. एकट्या टूलपॅकनं धरलं.

घरी येऊन जावेला विचारलं. ती सहज म्हणाली की ते पहिल्या तोड्याचं आहे, आईंनी रस्त्याकडच्या तीन वाफ्यांची मिरची न मोजताच पिशवीत घातली आणि शेगावला नेली, मग वजनाच्या जागी काय लिहू? महाराजांची म्हणून महाराज लिहिलं. तिच्या बाजूनं ते अगदी चोख होतं. रस्त्याकडचेच वाफे का, तर एसटीची वेळ झाली होती.

मी तडक मागच्या अंगणात गेले. सासूबाई भाकरी थापत होत्या. मी म्हटलं, आई, तुम्ही मला एका शब्दानं विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? वर्षभर उन्हातान्हात केलेलं सगळं त्या एका पिशवीपायी जातंय. आणखीही बोलले. माझं माहेर सुलतानपूरचं, लोणारकडचं, आणि राग आला की माझी तिकडची बोली बाहेर येते, ती त्यांना अर्धी कळत नाही. त्या दिवशी मात्र सगळी कळली असावी. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, ती शेकली तशी काढून ठेवली आणि मग बोलल्या.

"तुह्यासाठीच बोलली होती मी. म्हटलं, सूनबाईचं काम होऊ दे, पहिला तोडा तुहा."

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही?

"बोललेलं सांगत नसतात, बाई."

 मी पीएचडी व्हावं म्हणून बोललेला नवस माझ्या पीएचडीच्या आडवा येऊन बसला होता. मला हसूही आलं आणि रडूही आलं. रडू जास्त आलं, हे मान्य करते. ज्या बाईकडं पट्टी पुन्हा मागायची मी धास्ती घेत होते, ती त्याच पट्टीतली पहिली मिरची माझ्या नावानं घेऊन एसटीत उभ्यानं शेगावला गेली होती. आणि आता आपलीच चूक झाली असं वाटून तिचा हात पिठात तसाच थांबला होता. मी त्यांच्याजवळ पाटावर बसले आणि म्हटलं, काही गेलेलं नाही, बघते मी. तेव्हा ते मलाही खरं वाटत नव्हतं.

सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, त्या तीन जागी मनानं आकडा घालायचा नाही, शून्यही घालायचं नाही. पहिला तोडा सगळ्याच वाफ्यांचा वगळा, उरलेल्या तोड्यांवर चाचणी करा आणि का वगळला ते प्रबंधात स्पष्ट लिहा. मी विचारलं, काय लिहू सर? ते म्हणाले, जे झालं ते लिहा.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच मॅक कोठीवर उघडला. सासूबाई या वेळी देवघरात गेल्या नाहीत, दाराशी लसूण सोलत बसल्या. पहिल्या तोड्याच्या ओळी मी निवडून निवडून काढल्या, बटण दाबलं, आकडे निवडले, ओके केलं. नाही म्हणणारी चौकट आली नाही. एक नवं पान उघडलं आणि त्यावर माझ्या मिरचीचा तक्ता मांडलेला. शेवटून दुसरा रकाना निकालाचा, त्याकडं बघायचं धाडस होईना. मग बघितलं. फरक खरा होता. पाल्याच्या वाफ्यांची मिरची योगायोगानं जास्त आली नव्हती. मी दोन्ही हात मॅकवर ठेवून तशीच बसून राहिले. 

"काय म्हनते डबडं?" सासूबाईंनी विचारलं.

हो म्हणते, मी म्हटलं. त्यांनी लसणाची सालं पदरातून झटकली आणि चहा ठेवायला उठल्या. मी भावाला फोन करून मशीन चांगलं आहे असं सांगितलं, माफी वगैरे काही मागितली नाही.

समितीत एका बाईंनी तोडा वगळल्याचं पान उघडून विचारलं. मी लिहिलं होतं, पहिल्या तोड्यातील काही वाफ्यांचे उत्पन्न घरच्या प्रथेप्रमाणे न मोजता देवाला दिले गेल्याने पहिला तोडा सर्वच वाफ्यांसाठी विश्लेषणातून वगळला आहे. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं की तुमच्याकडं पहिला तोडा कुणाला वाहतात? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडं पहिल्या तोड्याची भेंडी ग्रामदेवीला, आणि पुढच्या प्रश्नाकडं वळल्या. बाहेर आल्यावर सर म्हणाले, झालं. त्या वेळी ते खरंच झालं होतं.

पट्टी मी कबुलीप्रमाणे परत केली. सासूबाईंनी तिच्यात पुन्हा मिरचीच लावली, आणि पाला मात्र स्वतःहून माझ्याकडून अंथरून घेतला. पहिला तोडा निघाला तेव्हा मी प्रबंध छापायला देऊन मोकळी झालेली. काम झालं म्हणून हाही तोडा महाराजांना वाहायला आम्ही दोघीच शेगावला निघालो होतो. एसटीची वेळ होत आली होती, मी पिशवी उचलून रस्त्याकडं चालायला लागले, तर मागून हाक आली. सासूबाई काटा घेऊन ओसरीत उभ्या होत्या.

"थांब," त्या म्हणाल्या, "पह्यले मोजून घे. नाही त मंग तुहं डबडं अडून बसते."

आता कशाला आई, सगळं झालं की, असं मी म्हणणार होते. पण त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेऊन काट्याला लावलीही होती, आणि डोळे बारीक करून आकडा वाचत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी तो मला सांगितला आणि मी लिहून घेईपर्यंत थांबल्या. मी मोबाइल काढला आणि लिहिला.