टीचरचा एफ

"नाव झाकलं का? मग दे इकडे."

आमच्या नगरच्या वाद्यांच्या दुकानात शिरताच टीचरचं पहिलं वाक्य हेच. गिटारच्या डोक्यावर कंपनीचं नाव असतं, त्यावर त्या आपला रुमाल बांधायच्या आणि डोळे मिटून तारा छेडायच्या. राहुरीच्या शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या बाई, पण जिभेला हाड नाही.

"ही नाकात बोलते." "ही नवी सून, अजून मोकळी व्हायचीय." "हिचा आवाज गोड, पण मान केवढी जाड! वाजवायची की कुस्ती खेळायची?"

एकदा मिरजगावचा एक गडी परदेशी कंपनीचीच गिटार हवी म्हणून हटून बसला. टीचरनी तीन गिटारींच्या नावांवर कापड टाकून त्या वाजवून दाखवल्या. "हीच! लई ग्वाड हाय," तो म्हणाला. कापड काढलं, तर दुकानातली सगळ्यात स्वस्त. गडी हसत तीच घेऊन गेला. आमच्या मालकांनी, चाचांनी, कपाळावर हात मारला. "टीचर, तुम्ही गिऱ्हाईक की दुश्मन?"

स्वतःची गिटार मात्र त्यांना ठरेना. जुनीची मान वाकलेली, आणि नाताळला चर्चमध्ये वाजवायचं म्हणजे वाजवायचंच. त्यांची परीक्षा एकच, एफ नावाचा कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचा सूरमेळ. मानेवरच्या पहिल्याच धातूच्या पट्टीपाशी तर्जनी आडवी टाकून साही तारा एकदम दाबायच्या. बोटांचे सांधे संधिवातानं सुजलेले, एफ वाजायचा थप्प!

"हिला सर्दी झालीय. दुसरी दे."

महिन्याभरात अख्ख्या दुकानाला सर्दी झाली. दुखणं कुठं होतं ते तुम्हाला कळलंच असेल, आम्हालाही कळत होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

शेवटी मी गुपचूप एका गिटारीचं, तारा ज्यावर टेकतात ते हाड कानशीनं घासलं, बारीक तारा चढवल्या, म्हणजे दाबायला हलकं जाईल, आणि ती पुढे केली. एफ अर्धामुर्धा लागला.

"हिची सर्दी उतरणीला लागलीय," म्हणत त्या ती घेऊन गेल्या.

नाताळला मी मुद्दाम मागच्या बाकावर जाऊन बसलो. एफची जागा आली, माझा जीव टांगणीला. आणि काय सांगू, खणखणीत वाजला! टीचरनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि चक्क डोळा मारला. पुढे कितीतरी दिवस मी गावभर माझ्या कानशीची फुशारकी मारत हिंडलो.

यंदा उन्हाळ्यात टीचर गेल्या. त्यांच्या भाचीनं गिटार दुकानात आणून दिली, रुमालासकट. पुसायला घेतली आणि हात थांबला. पहिल्या पट्टीवर साही तारांखाली खोल खाचा पडल्या होत्या. बाकीच्या पट्ट्या जवळजवळ कोऱ्या. सुजल्या बोटांनी बाईनं घरी बसून तो एकच एफ किती वेळा दाबला असेल! कसली माझी कानस न् कसलं काय. मला तिथंच रडू कोसळलं.

चाचांनी ती गिटार विकायची नाही म्हणून भिंतीवर टांगलीय, डोक्यावर टीचरचा रुमाल बांधूनच. काल एका पोरानं विचारलं, "कुठल्या कंपनीची हाय वो?"

म्हटलं, "रुमालाला हात लावायचा नाही. आधी एफ वाजवून दाखव."